कन्सोलचा शूटर पीसीवर विकण्याआधी: गेम कंपन्यांना कोल्हापूरहून खुले पत्र

प्रति,
कन्सोलसाठी (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रासाठी) शूटर म्हणजे नेमबाजीचे गेम बनवून ते पीसीवर विकणाऱ्या सर्व कंपन्या आणि त्यांचे पोर्ट (एका यंत्रावरचा गेम दुसऱ्यावर चालेल असा बदलणे) करून देणारे स्टुडिओ

विषय: अर्धवट पोर्ट पूर्ण किमतीला विकणे थांबवण्याबाबत

स.न.वि.वि.

आम्ही कोल्हापुरातली पीसीवाली माणसे आहोत. आमच्यातले काही जण पीसी जोडून देतात, काही गेमिंग कॅफे चालवतात, बाकीचे दिवसभराचे काम आटोपून रात्री खेळायला बसतात. तुमचा नवा शूटर बाजारात आला की पहिला फोन तुमच्या मदत केंद्राला जात नाही, तो आमच्या दुकानात येतो. "नवीन कार्ड घातलंय तरी गेम अडकतोय, कार्ड बदलून द्या." ग्राफिक्स कार्ड चांगले असते, रॅम चांगली असते, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) पुरेसा असतो. गेम अडकतो कारण तो पीसीसाठी नीट तयार झालेला नसतो. पन्नास-साठ हजारांचा पीसी घेतलेल्या पोराला आणि पैसे दिलेल्या त्याच्या वडिलांना हे पटवून देणे आमच्या वाट्याला येते. चूक तुमच्या कामात आणि शंका आमच्या हातावर, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

"पीसीचे हार्डवेअर हजार प्रकारचे, सगळ्यांवर चालवणे अवघड" हे तुमचे नेहमीचे उत्तर. ते अर्धे खरे आहे. पण हेच अवघड काम नीट झाल्याची उदाहरणे तुमच्याच धंद्यात आहेत. डेस्टिनी २ ऑक्टोबर २०१७ मध्ये पीसीवर आला. त्या आवृत्तीवर व्हायकेरियस व्हिजन्स या स्टुडिओने काम केले होते. फ्रेम रेटला (सेकंदाला किती चित्रे दिसतात त्याला) कुलूप नव्हते, दृश्याचा कोन १०५ अंशांपर्यंत वाढवता येत होता, बटणे हवी तशी बदलता येत होती. आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माउसने खेळणाऱ्यांसाठी बंदुकांचा रिकॉइल (गोळी सुटल्यावर बसणारा धक्का) वेगळा बसवला होता. टायटनफॉल २ आणि गिअर्स ऑफ वॉर ४ हे दोन्ही २०१६ चे आणि पीसीवर उत्तम चालणारे. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या पहिल्या गिअर्सच्या अल्टिमेट एडिशनची पीसीवर पार दैना झाली होती. एकाच मालिकेचे दोन गेम, काही महिन्यांचे अंतर आणि असा फरक. फरक पडला तो तयारीला दिलेल्या वेळेने आणि माणसांनी.

आमच्या गावाला हे कुस्तीवरून लगेच समजते. लाल मातीत वाढलेला पैलवान मॅटवर उतरवायचा असेल तर वस्ताद त्याला नुसता उचलून मॅटवर नेऊन ठेवत नाहीत. मातीत पाय रुततो, मॅटवर पायात बूट येतात. मातीत चितपट होईपर्यंत झुंजायचे, मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशेब. दम कुठे राखायचा, पट कधी काढायचा, सगळे नव्याने घटवून घ्यावे लागते. पैलवान तोच असतो, पण ही तयारी न करता उतरवला तर पहिल्याच फेरीत गुणांवर हरतो. तुम्ही तुमचा पैलवान तसाच पाठवता आणि तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण घेता.

आता एकेक तक्रार मांडतो.

माउस

शूटरमध्ये सगळे काही नेमावर चालते, त्यामुळे इथे बिघडले की पुढचे काही बघायची गरज उरत नाही. कंट्रोलरची काडी किती वाकवली यावर वळण्याचा वेग ठरतो, आणि पूर्ण वाकवली तरी त्या वेगाला एक कमाल मर्यादा असते. माउसमध्ये वेगाचा प्रश्नच नसतो. हात किती सेंटिमीटर सरकला, तितके अंश नजर वळली पाहिजे. आळशी पोर्टमध्ये माउसची हालचाल आधी काडीच्या भाषेत बदलली जाते आणि मग गेमला दिली जाते. मग तीन दोष एकदम दिसतात. हात अगदी हळू हलवला तर काहीच हलत नाही, कारण काडीचा डेड झोन (थोडी वाकवली तरी गेम दाद देत नाही तो भाग) तसाच राहिलेला असतो. जोरात झटकला तर नजर मध्येच अडते, कारण वळण्याच्या वेगाची मर्यादा तशीच असते. आणि आडवी-उभी संवेदनशीलता वेगवेगळी असते, त्यामुळे तिरका नेम कधीच सरळ रेषेत जात नाही. यावर आणखी माउस स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करण्याची क्रिया) लावलेले असेल तर नेम हाताच्या मागून येतो.

हे तपासायला पाच मिनिटे आणि एक फूटपट्टी पुरते. वाचणाऱ्यांनीही करून पाहावे. आधी विंडोजमधले 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद करा. गेममध्ये भिंतीवरच्या एखाद्या ठिपक्यावर नेम धरा. पट्टीला लावून माउस २० सेंटिमीटर उजवीकडे सावकाश, तीन सेकंद घेऊन सरकवा. आता तेवढाच डावीकडे अर्ध्या सेकंदात परत आणा. नेम त्याच ठिपक्यावर आला तर माउस शुद्ध आहे. अलीकडेच थांबला तर वेगाला मर्यादा किंवा उलटे ॲक्सेलरेशन (हात जोरात हलला की नजर कमी वळणे) आहे. ठिपका ओलांडून गेला तर सुलटे ॲक्सेलरेशन आहे. तुमच्या तपासणी विभागात कोणी हे एकदाही केले असते तर अनेक गेम त्या अवस्थेत बाहेर पडले नसते. रेसिडेंट इव्हिल ४ पीसीवर २००७ मध्ये आला तेव्हा त्यात माउसने नेम धरण्याची सोयच नव्हती. २००८ च्या पहिल्या डेड स्पेसमध्ये गेममधले व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) बंद केले की माउस जरा ताळ्यावर यायचा. ही गोष्ट खेळणाऱ्यांनी शोधून एकमेकांना सांगितली. इतक्या वर्षांनंतरही आम्ही नव्या गेमची तीच पट्टी लावून तपासणी करतो, यातच सगळे आले.

बटणांचेही तसेच. कंट्रोलरवर बटणे मोजकी, म्हणून एकाच बटणावर गोळ्या भरणे, बंदूक उचलणे आणि दार उघडणे अशी तीन कामे लादलेली असतात. कीबोर्डवर शंभरावर कळा असताना ती तीन कामे वेगळी का होत नाहीत? ऐन चकमकीत गोळ्या भरायला जावे आणि पायाशी पडलेली रिकामी बंदूक हातात यावी, हा दोष खेळणाऱ्याचा नाही. 'दाबून ठेवा' आणि 'एकदा दाबा' यातली निवड प्रत्येक कृतीसाठी हवी. माउसच्या बाजूची दोन बटणे आणि चाक ओळखले गेले पाहिजे. मेन्यूत खरा माउस पॉइंटर हवा. काडीने ढकलावा तसा सुस्त फिरणारा गोल नको.

दृश्याचा कोन

याला सगळे एफओव्ही म्हणतात. पुष्कळांना ती हौसेची सेटिंग वाटते. तिच्यामागे साधी भूमिती आहे. ५५ इंची टीव्ही सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो. अडीच मीटरवरून पाहिला तर तो डोळ्यासमोरचा सुमारे २७ अंशांचा भाग व्यापतो. २४ इंची मॉनिटर ५३ सेंटिमीटर रुंद, पण तो ६० सेंटिमीटरवर असतो, म्हणून तो सुमारे ४८ अंश व्यापतो. टीव्हीसाठी ठरवलेला ६०-६५ अंशांचा अरुंद कोन मॉनिटरवर तसाच दाखवला की दुर्बिणीतून पळत सुटल्यासारखे वाटते. अर्ध्या तासात डोके जड होते, काहींना मळमळते. कॉल ऑफ ड्यूटीच्या काही जुन्या भागांचा ठरलेला कोन ६५ अंश होता. पीसीवर ९० ते ११० हवा असे खेळणारे तेव्हापासून सांगत आले आहेत.

स्लायडर दिला म्हणजे काम झाले असेही नाही. तो आकडा आडवा की उभा हे लिहा, कारण १६:९ पडद्यावर ९० अंश आडवा म्हणजे उभा जेमतेम ५९ अंश. हातातल्या बंदुकीचा कोन वेगळा बदलता यावा, नाहीतर ११० अंशांवर बंदुकीची नळी गजासारखी लांब दिसते. दुर्बिणीतून नेम धरल्यावर संवेदनशीलता त्या प्रमाणात बदलली पाहिजे.

फ्रेम रेटला बांधलेले हिशेब

कन्सोलवर गेम ३० किंवा ६० फ्रेमवर बांधलेला असतो, म्हणजे एका फ्रेमला ३३.३ किंवा १६.७ मिलिसेकंद. आमच्याकडे आता १४४ हर्ट्झचे मॉनिटर साध्या बजेटमध्येही जातात. तिथे एक फ्रेम ६.९ मिलिसेकंदांची. गेममधले हिशेब प्रत्यक्ष वेळेवर न करता फ्रेम मोजून केले असतील तर फ्रेम वाढल्या की नियमच बदलतात. व्हँक्विश मे २०१७ मध्ये पीसीवर आला तेव्हा फ्रेम रेट जितका जास्त तितकी खेळणाऱ्याला इजा जास्त होत होती. नंतर पॅच (दुरुस्ती) आला. रेसिडेंट इव्हिल २ च्या २०१९ च्या नव्या आवृत्तीत उलटे झाले, जास्त फ्रेमवर चाकू जास्त घाव घालू लागला. चाकू शत्रूच्या अंगात असेपर्यंत दर फ्रेमला एक घाव मोजला, तर १२० फ्रेमवर ३० च्या चौपट घाव होणारच. चांगले कार्ड घेतलेल्या माणसाला गेम अवघड जावा किंवा सोपा जावा, दोन्ही चूक.

शेडर आणि झटके

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून थोडे सविस्तर. शेडर म्हणजे प्रकाश, धूर, धातूची चमक कशी रंगवायची ते सांगणारे छोटे प्रोग्रॅम. कन्सोलमध्ये ग्राफिक्स चिप ठरलेली, त्यामुळे शेडर तुमच्याच कचेरीत तयार होऊन डिस्कवर येतात. पीसीवर प्रत्येक कार्ड आणि प्रत्येक ड्रायव्हरसाठी ते त्या माणसाच्या मशीनवर तयार करावे लागतात. तुम्ही ते आधी करून घेतले नाहीत तर पहिला स्फोट दिसतो त्याच क्षणी गेम थांबतो आणि शेडर बनवत बसतो. तो थांबा १०० मिलिसेकंदांचा असला तरी १४४ फ्रेमच्या हिशेबात १४ फ्रेम गेल्या. तेवढ्यात समोरच्याने गोळी घातलेली असते. सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) मात्र छान दिसतो, म्हणून गिऱ्हाइकाला वाटते की मशीनमध्येच काहीतरी आहे. सरासरीवर जाऊ नका, फ्रेम टाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख बघा. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये तो फुकट मिळतो. सपाट रेषेत मध्येच सुळके दिसले, आणि तीच जागा दुसऱ्यांदा खेळताना ते गायब झाले, तर दोष शेडरचा आहे. कार्ड बदलून काही होणार नाही. तोवर खेळणाऱ्यांनी एवढे करावे: एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये शेडर कॅशची (बनवलेले शेडर साठवायच्या जागेची) मर्यादा १० जीबी किंवा त्याहून जास्त ठेवावी, आणि 'पीसी साफ करणारी' सॉफ्टवेअर चालवून ती कॅश पुसू नये. ड्रायव्हर बदलला की शेडर पुन्हा बनतील, हेही धरून चालावे.

काही गेम सुरुवातीलाच शेडर बनवून घेतात. ते बरोबरच आहे. पण मार्च २०२३ मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट १ पीसीवर आला तेव्हा हे काम कित्येक मशीनवर फारच रेंगाळले. सोळा कोअरच्या प्रोसेसरवर जे पटकन होते ते चार कोअरच्या आय३-१२१००एफ वर कितीतरी जास्त वेळ घेते, आणि आमच्याकडे बजेटमध्ये तोच प्रोसेसर जातो. इथे एक गंभीर अन्याय आहे. स्टीमवर (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर) पैसे परत मिळायला खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेले असावे लागते. शेडर गेमच्या आत बनतात, म्हणून तो वेळ 'खेळलेला' धरला जातो. एक पाऊलही न टाकता माणसाचा पाऊण-एक तास गेलेला असतो. पुढे वीस मिनिटांचा सिनेमा आणि दहा मिनिटांचे शिकवणीचे प्रकरण. खरा खेळ सुरू होऊन दोष दिसेपर्यंत परतीची मुदत संपते. तुमच्या मनात तसे नसेलही. परिणाम मात्र हाच आहे, आणि तो बदलणे तुमच्या हातात आहे.

मेमरी

पीएस५ या कन्सोलमध्ये १६ जीबी मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांच्यात सामायिक असते, तिचा वेग सेकंदाला ४४८ जीबी. एसएसडीवरचा दाबून ठेवलेला माल (डेटा) उलगडायला वेगळे हार्डवेअर आहे. पीसीवर माल एसएसडीवरून रॅममध्ये, तिथून पीसीआय स्लॉटमार्गे कार्डाच्या मेमरीत जातो, आणि तो उलगडण्याचे ओझे बहुतेक वेळा प्रोसेसरवर पडते. कार्डाची ८ जीबी भरली की उरलेले टेक्स्चर (भिंती, जमिनीवर चढवलेली चित्रे) रॅममधून ओढून आणावे लागतात. १६ लेनच्या (डेटाच्या वाटांच्या) चौथ्या पिढीच्या स्लॉटलाही सेकंदाला सुमारे ३२ जीबीचाच रस्ता आहे. आरटीएक्स ४०६० आठच लेन वापरते. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या बोर्डवर तिला सुमारे ८ जीबी मिळतात. आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच लेन, म्हणजे त्याच बोर्डवर ४ जीबी. हमरस्त्यावरची वाहतूक बोळात घातल्यावर व्हायचे तेच होते: भिंती चिखलाच्या गोळ्यासारख्या दिसतात, वळले की झटका बसतो.

जुने बोर्ड ठेवून नुसते कार्ड बदलणारे गिऱ्हाईक आमच्याकडे भरपूर आहे. त्यांना आमचा सल्ला: टेक्स्चर एक पायरी खाली आणा, बाकी सेटिंग नंतर बघा, रॅमच्या दोन पट्ट्या असू द्या, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे का पाहा. पण तुमच्याकडून एवढे तरी हवेच की 'मध्यम' टेक्स्चर म्हणजे खरोखर मध्यम असावे. पुष्कळदा 'उच्च' छान आणि 'मध्यम' थेट वीस वर्षे जुने, अशी उडी असते. मधल्या पायऱ्या कोणी बनवल्याच नाहीत, हे त्यावरून कळते.

ऑनलाइन दुकानाच्या पानावरचे आकडे

'शिफारस केलेले हार्डवेअर' या रकान्यात आजकाल अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनवर रंगवून चित्र मोठे करणे) गृहीत धरलेले असते आणि ते ठळक लिहिलेले नसते. १०८० पी वर 'परफॉर्मन्स' अपस्केलिंग म्हणजे गेम प्रत्यक्षात ९६० बाय ५४० वर रंगवला जातो. काही जण फ्रेम जनरेशनही (मध्ये कृत्रिम फ्रेम घालणे) हिशेबात धरतात. ३० खऱ्या फ्रेमच्या ६० दाखवल्या तरी माउस ३० चाच वाटतो, उलट थोडा उशीर वाढतो. शूटरमध्ये त्या आकड्याचा काही उपयोग नाही. आम्ही हे आकडे बघून लोकांना मशीन सुचवतो, तेव्हा त्या आकड्यांवर आमचाही शब्द पणाला लागतो.

सर्व्हर, लॅन आणि नेम-मदत

'भारतात सर्व्हर ठेवायला सोय नाही' हे म्हणायचे दिवस गेले. मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर पुणे, मुंबई आणि चेन्नईत २०१५ पासून, ॲमेझॉनची मुंबईत २०१६ पासून, गूगलची २०१७ पासून आहेत. पुणे कोल्हापूरपासून अडीचशे किलोमीटरच्या आत. तरी सामना लागतो सिंगापूरवर. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद निसर्गानेच खाल्ले. वाटेतले वळसे वेगळे. ६० टिकच्या (सेकंदाला ६० वेळा हिशेब करणाऱ्या) सर्व्हरवर ते दोन-तीन टिक मागे असणे झाले. कोपऱ्यामागे लपल्यावरही गोळी लागते ती यामुळे. टायटनफॉल २ मध्ये डेटा सेंटरची यादी पिंगसह (डेटा जाऊन यायला लागणाऱ्या वेळेसह) सुरुवातीच्या पडद्यावरच दिसते आणि हवे ते निवडता येते. बाकीच्यांना ते का जमत नाही?

एका खेळणाऱ्याच्या मशीनलाच सर्व्हर करायचे, हा कन्सोलवरून आलेला प्रकार तर इथे चालतच नाही. बरेच ब्रॉडबँडवाले एकच पत्ता अनेक घरांना वाटून देतात, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची जोडणी आपल्या मशीनकडे वळवणे) करता येत नाही, आणि गेम 'स्ट्रिक्ट नॅट' (जोडणी अडली) दाखवून मोकळा होतो. मॉडर्न वॉरफेअर २ ने २००९ मध्ये पीसीवरचे डेडिकेटेड (फक्त सामन्यांसाठी वेगळे ठेवलेले) सर्व्हर काढून टाकले तेव्हा जगभर नाराजी उसळली होती. ती अजून विरलेली नाही.

कॅफेवाल्यांचे दुखणे त्याहून मोठे. एकाच खोलीत, एकाच स्विचवर दहा मशीन. त्यांच्यातले अंतर एक मिलिसेकंदही नाही. पण समोरासमोर बसलेल्या दोन पोरांचा सामना सिंगापूरला जाऊन येतो, कारण लॅनची (खोलीतल्या मशीन थेट जोडून खेळण्याची) सोय तुम्ही काढून टाकली. नेट गेले की दहाही मशीन बंद. डूम १९९३ मध्ये लॅनवर खेळता येत होता, हेलोच्या २००३ च्या पीसी आवृत्तीतही लॅन होते. दोन पेठांतली पोरे एकमेकांविरुद्ध मैदानात उतरतात ती चुरस आमच्या गावात फुटबॉलने रुजवली आहे. तशी स्पर्धा कॅफेत घ्यायची तर आज आम्हाला तुमच्या परदेशातल्या सर्व्हरची मर्जी बघावी लागते.

क्रॉसप्लेबद्दल (कन्सोल आणि पीसीवाल्यांनी एकत्र खेळण्याबद्दल) एकच. कंट्रोलरवाल्यांशी आमचे वैर नाही. पण कंट्रोलरला दिलेली नेम-मदत जवळच्या चकमकीत शत्रूबरोबर नजर आपोआप फिरवते, आणि तिला माणसासारखा प्रतिसादाचा उशीर लागत नाही. लांबच्या नेमाला माउस सरस ठरतो. दोघांना न सांगता एकत्र घालणे दोघांवरही अन्याय आहे. हेलो मास्टर चीफ कलेक्शनने इनपुटनुसार (माउस की कंट्रोलर) सामने वेगळे लावायची सोय दिली. तेवढे पुरे.

सेव्ह

पावसाने जोर धरला की आमच्याकडे लाइट दोन सेकंदांसाठी जाते आणि येते. घरोघरी ६०० व्हीएचा यूपीएस असतो, तो सुमारे ३६० वॅट पेलतो. गेम पूर्ण जोरात असताना मशीन आणि मॉनिटर मिळून तेवढ्याच्या आसपास घेतात, म्हणून यूपीएस असूनही मशीन बंद पडते. त्याच क्षणी चेकपॉइंट (ठरलेल्या जागी आपोआप होणारी सेव्ह) लिहिला जात असेल तर सेव्हची फाइल शून्य केबीची होते. मग मशीन चालू झाल्यावर क्लाउड तीच रिकामी फाइल वर चढवतो आणि चांगली प्रत पुसून टाकतो. चाळीस तासांचा खेळ गेला. हे टाळायचा उपाय जुना आणि बिनखर्चाचा आहे: नवी सेव्ह वेगळ्या नावाने लिहायची, पूर्ण झाल्याची खात्री करायची, मगच जुनीच्या जागी ठेवायची, आणि मागच्या तीन प्रती राखायच्या. पीसीवरच्या शूटरमध्ये हवे तेव्हा सेव्ह करणे ही रीतच होती. चेकपॉइंटची सक्ती कन्सोलबरोबर आली. तोवर वाचकांनी एवढे करावे: लाइट गेल्यावर गेम लगेच उघडू नका. आधी नेट काढा, सेव्हचे फोल्डर दुसरीकडे कॉपी करा, स्टीममध्ये त्या गेमपुरता क्लाउड बंद करा, मग गेम सुरू करून बघा.

डाउनलोडचे ओझे

दीडशे जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या लाइनवर उतरायला आठ तास वीस मिनिटे लागतात. ४-के टेक्स्चर आणि न लागणाऱ्या भाषांचे आवाज वेगळे ठेवा. २०१४ च्या टायटनफॉलमध्ये ४८ जीबीपैकी ३५ जीबी निव्वळ न दाबलेल्या (अनकम्प्रेस्ड) आवाजाच्या फाइल होत्या. त्याला कारण होते, कमकुवत प्रोसेसरवरचे ओझे वाचवायचे. कारण सांगून दिलेला पर्याय आम्हाला चालतो. न विचारता भरलेली डिस्क नाही चालत.

आणि विकून झाल्यावर पाठ फिरवणे. गिअर्स ऑफ वॉरच्या पहिल्या पीसी आवृत्तीचे डिजिटल प्रमाणपत्र २८ जानेवारी २००९ ला संपले आणि पैसे देऊन घेतलेला गेम उघडेनासा झाला. लोक घड्याळ मागे लावून खेळले. एकट्याने खेळायच्या भागालाही खाते आणि नेट सक्तीचे करणाऱ्या आजच्या गेमचे उद्या काय होणार, हे आम्हाला गिऱ्हाईक विचारते. आमच्याकडे उत्तर नाही. ते तुमच्याकडून हवे आहे.

तर आमच्या मागण्या अशा.

माउसची हालचाल थेट, कच्च्या स्वरूपात घ्या. ॲक्सेलरेशन, स्मूदिंग दोन्ही बंद करता यावीत, आडवी-उभी संवेदनशीलता समान असावी, सगळी बटणे बदलता यावीत. यात तडजोड नको.

दृश्याचा कोन किमान १०५ अंशांपर्यंत द्या. गेमचे कोणतेही हिशेब फ्रेम रेटला बांधू नका. ३०, ६०, १४४ आणि २४० वर तपासल्याशिवाय विकायला काढू नका.

शेडर बनवण्याचे काम गेमबाहेर, वेगळ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये करा, म्हणजे तो वेळ परतीच्या दोन तासांत धरला जाणार नाही. मध्येच बंद केले तर पुढून सुरू व्हावे. खरेदीआधी चालवता येईल असा मोफत बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) द्या; त्यात माउसनेही फिरता यावे.

दुकानाच्या पानावर प्रत्येक शिफारशीसमोर रिझोल्यूशन, सेटिंग, फ्रेम रेट आणि अपस्केलिंग आहे की नाही हे लिहा. फ्रेम जनरेशन धरून काढलेला आकडा शूटरला लावू नका.

भारतात सर्व्हर ठेवा, डेटा सेंटर निवडू द्या, लॅन परत आणा. इनपुटनुसार लॉबी वेगळी ठेवण्याचा पर्याय द्या.

सेव्हच्या तीन प्रती. एकट्याने खेळायचा भाग नेटशिवाय. सर्व्हर बंद करायचे ठरले तर त्याआधी नेटशिवाय चालणारा शेवटचा पॅच.

यातले जे पहिल्या दिवशी जमणार नाही ते पानावर स्पष्ट लिहा आणि किंमत तशी लावा, किंवा तारीख पुढे ढकला. जून २०१५ मध्ये बॅटमॅन अर्कहॅम नाइटची पीसीवरची विक्री थांबवावी लागली होती आणि तो ऑक्टोबरअखेर परत आला. तो शूटर नव्हे, पण त्यातून निघालेली गोष्ट सगळ्यांना लागू आहे: ते चार महिने आधीच घेतले असते तर विक्री थांबवायची वेळ आली नसती. उशिरा आलेल्या गेमची आम्ही वाट बघू. आमच्याकडे जुने खेळायला भरपूर आहे.

आमच्या बाजूने आम्ही एक काम सुरू करत आहोत. यापुढे येणाऱ्या प्रत्येक शूटर पोर्टची आय३-१२१००एफ आणि ८ जीबी कार्ड असलेल्या मशीनवर तपासणी करू. फूटपट्टीची माउस चाचणी, शेडरला लागलेली मिनिटे, पहिल्या तासातल्या फ्रेम टाइमचा आलेख, कार्डाची भरलेली मेमरी, रात्री नऊ वाजताचा पिंग आणि लॅन आहे की नाही, असा एक कागद मराठीत तयार करून दुकानाच्या आणि कॅफेच्या काचेवर लावू. ज्या गेमचा कागद चांगला असेल तो आम्ही स्वतःहून सुचवू. ज्याचा वाईट असेल त्याच्या गिऱ्हाइकाला 'पॅच येईपर्यंत थांब' असे सांगू, आणि पॅच आला की तीच तपासणी पुन्हा करून कागद बदलू.

कळावे,

कोल्हापुरातील पीसी जोडणारे, गेमिंग कॅफे चालवणारे आणि खेळणारे